डायनोवर पहिल्यांदा गाडी चढवताना: बेळगावकडच्या नवख्यांसाठी

उद्यमबागेत संध्याकाळी चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की अर्ध्या तासात तीन-चार जण तरी आपल्या गाडीला किती एचपी आहेत ते सांगून जातात, आणि कुठं मोजलास म्हणून विचारलं की उत्तर येतं, गॅरेजवाल्यानं सांगितलं. मोजलेलं नसतंच. मी पण त्यातलाच होतो, म्हणून आधी मीच कान धरतो. गेल्या वर्षी माझी १.३ डिझेल स्विफ्ट पुण्याला नेऊन डायनोवर चढवलो (आमच्याकडं "मी चढवलो" असंच म्हणतात, पुणेकरांनी हसू नये) आणि त्या एका दिवसात जेवढं शिकलो तेवढं दहा वर्षं बॉनेट उघडझाप करून शिकलो नव्हतो. नवीन पोरं विचारतात काय न्यायचं, काय बघायचं, फसवतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

डायनो म्हणजे काय तर जमिनीत बसवलेले जाडजूड रोलर, त्यावर गाडीची ओढणारी चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागेवरच पळवायची. चाकं रोलर फिरवतात, मशीन त्यावरून टॉर्क (फिरवायचा जोर) आणि पॉवर काढतं. यात दोन मुख्य जाती आहेत आणि फोन केल्यावर पहिलं हेच विचारायचं. एक इनर्शिया डायनो, यात रोलर फक्त जड असतो, ब्रेक वगैरे काही नाही. आजीचं जातं आठवा, बंद जातं फिरवायला किती जोर लागतो आणि ते किती लवकर वेग धरतं यावरून हाताची ताकद कळते, तसं रोलरचं वजन आणि आकार माहीत असतो, तो किती झपाट्यानं वेग धरतोय यावरून पॉवरचा हिशोब निघतो. दुसरा एडी करंट डायनो, यात रोलरच्या शाफ्टला विजेच्या कॉइलचा चुंबकीय ब्रेक असतो, म्हणजे तुम्ही जातं फिरवताय आणि पलीकडून कुणीतरी ते पाहिजे तेवढं दाबून धरतंय. पॉवर किती हे बघायला पहिला पुरतो. पण ट्यूनिंग करायचं असेल, म्हणजे ३००० आरपीएमवर अर्ध्या ॲक्सिलरेटरवर इंजिन धरून ठेवून नोंदी घ्यायच्या असतील, तर दुसराच लागतो, कारण पहिल्यावर इंजिन कुठं थांबतच नाही, सुसाट वर निघून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं वाचून उपयोग नाही.

आमच्या घरी ऊस आहे, त्यामुळं मला डायनो समजला तो कारखान्याच्या काट्यावरून. बाहेरच्या खासगी काट्यावर ट्रॉली वजन केली की एक आकडा, कारखान्याच्या काट्यावर दुसरा, आणि त्यावरून होणारी भांडणं चिकोडी-निपाणीकडं कुणाला सांगायला नको. पण काटा चार क्विंटलनं पुढं असला तरी भरलेल्या ट्रॉलीत ते चार आणि रिकामीत पण तेच चार, वजाबाकीत निघून जातात, बोंब होते ती भरलेली एका काट्यावर आणि रिकामी दुसऱ्या काट्यावर केली तर. डायनोचं अगदी तसंच आहे. मशीन वेगळं, टायरची हवा वेगळी, पट्टे किती ताणले ते वेगळं, त्या दिवशीचं हवामान वेगळं, आकडा बदलणारच. म्हणून कामाआधीचा रन (फुल ॲक्सिलरेटर देऊन घेतलेली एक मोजणी) आणि कामानंतरचा रन एकाच मशीनवर, एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये, आणि त्यातला फरक तेवढा आपला. बेंगळुरूच्या डायनोवर तुमच्या मित्राला ९० आले आणि पुण्याच्या डायनोवर तुम्हाला ८४ आले, म्हणून रडायचं नाही आणि त्यानं उड्या पण मारायच्या नाहीत.

त्यात करेक्शनचा एक घोळ असतो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब ९२५ मिलिबारच्या आसपास, समुद्रकाठी तो १०१३. हवा आठ-नऊ टक्के पातळ, म्हणून साध्या बिनटर्बो (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पेट्रोल इंजिनची ताकदही जवळजवळ तेवढीच कमी. चोर्ल्यातून गोव्यात उतरलं की गाडी हलकी वाटते ती सुट्टीच्या मूडमुळं नाही, हवेमुळं. मग डायनोवाले आकडा एका ठराविक हवेवर आणून दाखवतात, कुणी एसएई जे १३४९ वापरतो (२५ डिग्री, ९९० मिलिबार), कुणी जुना एसटीडी वापरतो ज्यात आकडा सुमारे ४ टक्के जास्त दिसतो. आणि टर्बो गाडीला हे करेक्शन पूर्ण लावणं बरोबर नाही, कारण पातळ हवेत टर्बो स्वतःच जास्त फिरून बरंचसं भरून काढतो, वरून करेक्शन लावलं की फुकटचे पाच-सहा एचपी कागदावर येतात. प्रिंटच्या कोपऱ्यात करेक्शनचं नाव आणि फॅक्टर लिहिलेला असतो. तिथं १.०८ वगैरे दिसलं आणि गाडी टर्बो असली तर बिनधास्त विचारा, हे काय म्हणून.

बुकिंगच्या फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. पैसे तासावर की रनवर, लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) मोजायचा सेन्सर सायलेन्सरला लावतात का, आणि नुसता प्रिंट देतात की डेटाची फाइल पण. समोरचा "किती एचपी वाढवून पाहिजेत सांगा" असं फोनवरच म्हणाला तर फोन ठेवा. गाडी न बघता आकडा सांगणारा माणूस डॉक्टर नाही, वैदू आहे.

गाडीची तयारी आठ दिवस आधी सुरू करायची. ऑइल बदलून बराच काळ झाला असेल तर आधी बदला, कूलंट बघा, एअर फिल्टर झटकू नका, नवीनच घाला. क्लच प्लेट शेवटाला आलेली असेल तर तशी नेऊ नका, कारण डायनोवर फुल ॲक्सिलरेटर दिला की स्लिप होते, आरपीएम चढत जातो, रोलरचा वेग चढत नाही, आणि अख्खा दिवस वाया. टायरकडं नीट बघा, भेगा, फुगा, आणि रिसोल केलेला टायर तर रोलरवर अजिबात चढवू नका, तापून पट्टी सुटली तर मडगार्ड घेऊन जाते. नटबोल्ट कसून घ्या. टायरच्या खाचांतले खडे स्क्रू-ड्रायव्हरनं काढा. हे मला आधी गंमत वाटायची, पण रोलरवर ताशी १४० च्या वेगानं सुटलेला खडा मागच्या भिंतीवर कसा वाजतो ते मी ऐकलंय. शेतात जाणारी गाडी असेल तर खाली चिकटलेली काळी माती पण धुऊन न्या, नाहीतर तिथल्या माणसाच्या शिव्या खायची तयारी ठेवा.

इंधनाचं एक सांगतो. ज्या पेट्रोलवर तुम्ही वर्षभर फिरणार तेच टाकीत पाहिजे, निम्मी टाकी तरी. मुद्दाम महागडं जास्त ऑक्टेनचं घालून ट्यून करून घेतलं आणि घरी येऊन साधं घातलं की इंजिन नॉक करायला, म्हणजे आत इंधन अवेळी पेटून खडखडायला लागणार. इथेनॉलचा पण हिशोब आहे, बिनइथेनॉलच्या पेट्रोलला हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण (एएफआर) १४.७ ला १, तर ई२० ला (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) ते साडेतेराच्या जवळ येतं, म्हणून ट्यूनरनं एएफआरच्या आकड्यावर न खेळता लॅम्ब्डावर खेळावं, लॅम्ब्डा १ म्हणजे कुठल्याही इंधनाचं आदर्श प्रमाण, एकाच्या खाली म्हणजे इंधन जास्त, वर म्हणजे हवा जास्त. दर कमी म्हणून गोव्याहून येताना टाकी फुल्ल करणारे आपण लोक, पण निदान ट्यूनिंगच्या आठवड्यात एकाच पंपावर भरा.

आता प्रत्यक्ष दिवस. पोचल्या पोचल्या गाडी चढवू नका. मी पहाटे तीनला बेळगाव सोडलो, सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर मारून पोचलो तेव्हा बॉनेटखाली सगळी भट्टी झाली होती. बॉनेट उघडून तासभर उभी केली, मग रन. थंड इंजिनवर आणि उकळत्या इंजिनवर दोन्हीकडं आकडा खोटा येतो, ऑइल-पाणी नेहमीच्या तापमानाला आणि आत जाणारी हवा बाहेरच्या हवेच्या जवळपास पाहिजे. त्यासाठी समोर मोठा पंखा हवा. टेबल फॅन लावून काम भागवणारी जागा दिसली तर काढता पाय घ्या, कारण रस्त्यावर शंभरच्या वेगानं रेडिएटर-इंटरकूलरला (इंटरकूलर म्हणजे टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) लागणारा वारा तिथं कुठून येणार.

बांधण्याकडं स्वतः लक्ष द्या. मागं दोन, पुढं दोन पट्टे, हुक गाडीच्या टो-हुकला किंवा चासीच्या भक्कम जागेला, सस्पेन्शनच्या कुठल्यातरी पातळ दांडीला नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि त्याच जास्त त्रास देतात, कारण ओढणारी चाकंच वळणारी असल्यामुळं गाडी रोलरवर डावी-उजवीकडं सरकायला बघते, म्हणून बाजूचे पट्टे पण लागतात. पुढच्या चाकांच्या गाडीला मागच्या चाकांना ओंडके आणि हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांच्या गाडीला (बोलेरो, जुनी क्वालिस) मात्र हँडब्रेक सोडलेला आहे हे दोनदा बघा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की पॉवर कापणारी यंत्रणा) बंद. चारही चाकं सतत ओढणारी गाडी दोन चाकांच्या डायनोवर चढवायचीच नाही, गिअरबॉक्सचा सत्यानाश होतो. आणि रन चालू असताना गाडीच्या समोर किंवा मागं सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही, व्हिडिओ काढायला पण नाही. बाजूला उभं राहून काढा.

गाडी शक्यतो त्यांच्याच माणसाला चालवू द्या. चालवायची वेळ आलीच तर असं: १:१ च्या जवळचा गिअर (गिअरबॉक्समध्ये आत एक फेरा, बाहेर पण एकच), पाच गिअरच्या गाडीत बहुतेक चौथा, सावकाश तिथंपर्यंत यायचं, १५०० आरपीएमच्या आसपास स्थिर करायचं, मग ॲक्सिलरेटर एकदम तळाला, आणि कट-ऑफच्या (जिथं इंजिन स्वतःच इंधन तोडतं) जरा आधी पाय उचलून क्लच दाबायचा. ब्रेक मारायचा नाही. रोलर आपोआप थांबू द्यायचा, कारण थांबतानाच मशीन मोजतं की टायर, गिअरबॉक्स, बेअरिंग मिळून किती ताकद खातात. याला कोस्ट-डाऊन म्हणतात. चाकावरची पॉवर अधिक हे नुकसान म्हणजे इंजिनची पॉवर, अंदाजे. काही जण कोस्ट-डाऊन न करता डोळे झाकून १५ टक्के मिळवतात, तो आकडा बोर्डावर लिहायला बरा, त्याच्यावर पैसे खर्च करायला नाही.

असे तीन रन तरी घ्यायचे. तीन रेघा एकमेकींवर बसल्या, दीड-दोन टक्क्यांत, तर मोजमाप बरोबर. पहिला ७०, दुसरा ६६, तिसरा ६३ असं उतरत गेलं तर गाडी तापतेय, थांबा, चहा प्या.

इथं माझी गंमत सांगतो. कंपनीच्या कागदावर माझ्या इंजिनला ४००० आरपीएमला ७५ पीएस (एचपीच्या जवळपासच) आणि २००० ला १९० एनएम टॉर्क. चाकावर आले ५७. मी म्हटलो गाडी जुनी झालीय, घाला रिमॅप (ईसीयूमधला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला आकड्यांचा नकाशा बदलणं), तसंही आमच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्यानं "पंचवीस एचपी वाढवून देतो" म्हणून आधीच डोकं खाल्लेलं. डायनोवरच्या माणसानं काही बोलायच्या आधी स्क्रीन माझ्याकडं फिरवली. २४०० पर्यंत टॉर्कची रेघ छान चढलेली, आणि तिथून पुढं आडवी, वर करवतीसारखी थरथरत. खाली टर्बोच्या दाबाची रेघ, ती पण तिथंच लंगडलेली.

"हे नकाशाचं काम नाहीये, कुठंतरी हवा जातेय," तो म्हणाला.

साबणाचं पाणी बाटलीत घेऊन पंक्चरवाला बघतो तसं त्यानं इंटरकूलरच्या पाइपांवर मारलं, पोरग्याला सांगून आत हवेचा दाब दिला, आणि बॅटरीच्या खालच्या बाजूच्या जोडावर फसाफस फेस आला. क्लॅम्प ढिला, आणि रबराच्या पाइपला ओठाशी बोटभर चीर. पाइपचा चिरलेला भाग कापून, नवीन क्लॅम्प घालून परत रन, ६४. कोस्ट-डाऊन मिळवून ७४. म्हणजे माझी म्हातारी गाडी ठणठणीत होती, फक्त धाप बाहेर टाकत होती. खानापूरच्या दोस्ताचा फोन आला, "काय भावा, रिमॅपनं किती वाढलं?" म्हटलं सात वाढले, क्लॅम्पनं. त्याला वाटलं मी चेष्टा करायलोय.

तर आलेख वाचायला शिका. रेघेचा आकार आजार सांगतो. वरच्या आरपीएमला टॉर्क धाडकन पडतो, इंधन कमी पडतंय किंवा फिल्टर तुंबलाय. मध्येच एक खड्डा, पेट्रोलमध्ये बऱ्याचदा प्लग-कॉइल चुकतेय. टॉर्क आणि पॉवर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हे पण लक्षात ठेवा: पीएस म्हणजे एनएम गुणिले आरपीएम भागिले ७०२२. माझ्याच इंजिनचं बघा, २००० ला १९० एनएम म्हणजे ५४ पीएस, आणि ४००० ला टॉर्क घसरून १३२ वर आलाय तरी ७५ पीएस, कारण आरपीएम दुप्पट. घाटात ओढते ती पहिली जागा, हायवेवर ओव्हरटेकला कामाला येते ती दुसरी. आलेख एचपी आणि पाउंड-फूटमध्ये असला आणि दोन्हींचा स्केल एकच असला तर दोन रेघा ५२५२ आरपीएमलाच छेदल्या पाहिजेत, नाही छेदल्या तर कुणीतरी कारागिरी केलीय.

इंजिन निरोगी निघालं, मगच ट्यूनिंग. पेट्रोलमध्ये आधी इंधन, मग इग्निशन, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. फुल लोडला लॅम्ब्डा बिनटर्बोला ०.८७ च्या आसपास, टर्बोला त्याहून थोडा खाली. मग इग्निशन एक-एक डिग्री पुढं घ्यायचं आणि दर वेळी टॉर्क बघायचा. वाढत असेपर्यंत ठीक, वाढायचा थांबला की तिथून पुढची प्रत्येक डिग्री म्हणजे नुसता धोका, उलट एक-दोन डिग्री मागं येऊन थांबायचं. टॉर्क थांबायच्या आधीच नॉक आला तर तीच तुमच्या पेट्रोलची हद्द. बेळगावच्या श्रावणातल्या गारव्यात अगदी कडेला लावलेली गाडी मे महिन्यात विजापूरकडं नेली की खडखडाट करते, म्हणून थोडी जागा शिल्लक ठेवायला सांगा. ट्यूनर नॉक ऐकायला हेडफोन लावतो का किंवा निदान सेन्सरचा डेटा बघतो का ते बघा. नुसता पॉवरच्या आकड्याकडं बघत असेल तर तुमचं पिस्टन त्याच्या प्रयोगाला आहे.

आणि आपल्या उंचीवरच्या लोकांसाठी एक खास गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. दुसरा ईसीयू बसवून मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) दाबावर ट्यून केलेली बिनटर्बो गाडी असेल तर बेळगावात फुल ॲक्सिलरेटरला पण दाब ९२ किलोपास्कलच्या वर जातच नाही, पुण्यात ९४-९५. म्हणजे नकाशातल्या १०० किलोपास्कलच्या रांगेला डायनोवर कुणी हातच लावलेला नसतो. मग शनिवारी पोरं गाडी घेऊन पणजीला उतरतात आणि इंजिन पहिल्यांदाच त्या कोऱ्या रांगेत शिरतं, वर दमट उकाडा. ट्यूनरला स्पष्ट सांगा, मी गोव्याला जातो, वरच्या रांगा इंधन थोडं जास्त आणि इग्निशन थोडं कमी ठेवून भरा.

डिझेलचं वेगळं. तिथं इंधन वाढवलं की टॉर्क वाढतोच, म्हणून कुणीही हिरो होतो, पण हवा तेवढी नसली की काळा धूर आणि एक्झॉस्ट तापतो. लॅम्ब्डा १.२ च्या खाली नेऊ नका, एक्झॉस्टचं तापमान ८०० डिग्रीच्या आत ठेवायला सांगा, आणि कंपनीच्या क्लचला १९० एनएमच्या जागी २५० झेपणार का ते आधी विचारा. मागं डबल ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखा धूर काढणारी स्विफ्ट म्हणजे ट्यूनिंग नाही, ते इंजेक्टरचं रडणं आहे. ईजीआर-डीपीएफ (प्रदूषण कमी करणारे भाग) काढून टाका म्हणणाऱ्याकडं दुर्लक्ष करा, प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही, आणि कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल केले की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, वॉरंटी जाते आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला प्रश्न विचारतो ते वेगळंच.

निघताना प्रिंट, डेटाची फाइल आणि मूळ ईसीयूची कॉपी तिन्ही घ्या, मूळ कॉपी तर हट्टानं. टायरची हवा, गिअर, करेक्शन, त्या दिवशीचं तापमान प्रिंटच्या मागं पेननं लिहून ठेवा, सहा महिन्यांनी काही आठवत नाही. घरी आल्यावर पहिले काही दिवस ओबीडीचं डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं) लावून फिरा, डायनोवर दहा सेकंदांचा रन असतो, रस्त्यावर चढ संपतच नाही. मी परत येताना तवंदी घाटात चार माणसं आणि एसी चालू ठेवून तपासलो, मग वंटमुरीला परत. पाण्याचं तापमान जागेवर, दाबाची रेघ सरळ, आणि ज्या वळणावर दोन वर्षं तिसरा टाकत होतो तिथं चौथ्यातच निघाली. गेल्या महिन्यात ऑइल बदलताना तो क्लॅम्प परत बघितलो, पाव आटा ढिला झाला होता, कसला.